‘या वयात कार्टून?’

शनिवार सकाळ, दुसरा चहा आणि आठवडाभर साठलेला राग. तेव्हा आजचं लिखाण जरा भांडखोर होणार आहे, आधीच सांगून ठेवतो. ज्यांना वीकांताला डोक्याला शॉट नको असेल त्यांनी इथूनच रजा घ्यावी.

झालं असं, की आमच्या टीमची पावसाळी सहल मुळशीला गेली. म्हणजे तसे आम्ही रोजच मुळशीत असतो. हिंजवडी मुळशी तालुक्यात येते. पण हे आमच्या बारा जणांपैकी निदान नऊ जणांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. आपण ‘पुण्यात’ नोकरी करतो अशीच सगळ्यांची समजूत. असो. माण, घोटावडे, पौड करत धरणाकाठी पोचलो. कांदाभजी झाली, भिजून झालं, अंताक्षरी ‘म’ वर अडकून झाली. रात्री तिथल्या हॉलमध्ये प्रोजेक्टर मिळाला आणि काय लावायचं यावरून जुंपली.

आमच्याकडे एक ज्युनिअर पोरगा आहे. कट्टर ॲनिमेवाला. त्याच्या लॅपटॉपवर अर्धा जपान भरलेला असतो. तो म्हणाला, ‘पोम पोको’ लावू. त्यावर आमचे मॅनेजर साहेब सोफ्यावर पाय पसरून म्हणाले, "अरे, कार्टून? या वयात?" आणि हॉलभर हशा. पोरगं पेटलं. "सर, तुम्ही जे बघता ना, त्यापेक्षा कुठलंही ॲनिमे भारीच असतं. आपल्याकडे सिनेमा बनतोच कुठे?" झालं. एका बाजूला ‘हा पोरखेळ आहे’ आणि दुसऱ्या बाजूला ‘बाकी सगळा कचरा आहे’. सोमवारी हापिसात डबा खातानाही हेच. मंगळवारीही. मी बुधवारपर्यंत गप्प बसलो. आता नाही बसवत.

आधी पहिल्या पार्टीचा समाचार घेतो.

‘कार्टून म्हणजे लहान मुलांचं’ हे वाक्य जे चाळिशीतले लोक इतक्या आत्मविश्वासाने फेकतात ना, त्यांचं स्वतःचं बालपण कशात गेलं? १९९३ च्या आसपास रविवारी सकाळी दूरदर्शनवर ‘जंगल बुक’ लागायचं आणि गल्ल्या ओस पडायच्या. ते काय होतं? निप्पॉन ॲनिमेशनची १९८९-९० मधली ५२ भागांची जपानी मालिका. चक्क ॲनिमे! शीर्षकगीत गुलजारांचं, चाल विशाल भारद्वाजची आणि शेरखानचा आवाज आपल्या नाना पाटेकरांचा. तेव्हा नानाला कुणी विचारलं नाही, ‘या वयात कार्टून?’ म्हणजे बघायला तुमचा विरोध नाहीये मंडळी, तुम्ही ते आधीच बघून बसलाय. त्याला जपानी नाव चिकटलं की मात्र तुमच्या कपाळाला आठ्या.

आणि ‘काढलेलं चित्र = मुलांचं’ या समीकरणाने काय घोटाळे होतात त्याचंही उदाहरण आहे. ‘शिन-चॅन’ जपानात १९९० साली सुरू झालं ते मोठ्यांसाठीच्या मांगा मासिकात. आपल्याकडे ते चित्र दिसतंय म्हणून थेट मुलांच्या चॅनेलवर. मग पोरं उलट बोलायला लागली, पालक खवळले, २००८ साली सरकारने बंद पाडलं आणि नंतर ते कात्री लावून परत आलं. दोष कुणाचा? प्रौढांसाठीची चीज पाचवीतल्या पोरासमोर ठेवणाऱ्याचा. कादंबरीला चित्रं असतात म्हणून ती बालवाडीत वाटत नाही ना आपण?

तिसरा आक्षेप संस्कृतीचा. ‘आपलं काय कमी आहे की जपान्यांचं बघायचं?’ यावर मी फक्त एक गोष्ट सांगतो. युगो साको नावाच्या जपानी माणसाने आपल्या रामायणावर ॲनिमेशनपट काढायचं ठरवलं. इकडे विरोध झाला. परदेशी माणूस आमच्या रामाचं कार्टून काय करणार, असा. शेवटी काम बरंचसं जपानात झालं, आपले राम मोहन सहदिग्दर्शक होते, संगीत वनराज भाटियांचं. चित्रपट १९९२ साली पूर्ण झाला. आपल्याकडे थिएटरात धडपणे बघायला मिळाला तो २४ जानेवारी २०२५ ला! बत्तीस वर्षं! तोवर ज्यांनी लहानपणी टीव्हीवर तुकड्यातुकड्यांत तो पाहिला होता ती पिढी स्वतःच्या पोरांना घेऊन गेली. त्या चित्रपटात रामाचा अपमान कुठे आहे ते मला अजून कुणी दाखवलेलं नाही. उलट इतक्या निगुतीने काढलेली अयोध्या आपण स्वतः तोवर काढली नव्हती, ही बोच आहे.

आता दुसरी पार्टी. आमच्या ज्युनिअर पोराची आणि त्याच्यासारख्या हजारोंची. बाळांनो, तुमच्यावरही माझा राग तितकाच आहे.

एक : हिशोब करा. ‘वन पीस’ १९९९ पासून चालू आहे, ११०० च्या वर भाग झालेत. भागाला वीस मिनिटं धरली तरी २२,००० मिनिटं, म्हणजे साडेतीनशेहून जास्त तास. नऊ तासांचा हापिसचा दिवस धरला तर चाळीस दिवसांची नोकरी! बघा की, कोण नको म्हणतंय? पण मग ‘व्यायामाला वेळ नाही, आईला फोन करायला वेळ नाही’ ही रड माझ्यासमोर नको. दोन : शाळकरी मुलींना ज्या पद्धतीने काही मालिकांमध्ये दाखवतात ते ओंगळ आहे. ‘जपानमध्ये चालतं’ हे उत्तर नाही. जिथे चालतं तिथेही ते ओंगळच. तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं : ‘आपल्याकडे सिनेमा बनतोच कुठे?’ हे वाक्य. हे ज्या पोराने म्हटलं तो मुळशी तालुक्यात नोकरी करतो, मुळशी तालुक्यात भाड्याने राहतो, आणि त्याने ‘मुळशी पॅटर्न’ पाहिलेला नाही. "ते गुंडांचं पिक्चर ना?" म्हणे.

इथे मला खरं भांडायचंय. कारण त्या रात्री आम्ही शेवटी ‘पोम पोको’च लावला आणि जे झालं ते दोन्ही पार्ट्यांच्या डोक्यावरून गेलं.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी : १९९४ चा चित्रपट, स्टुडिओ घिबलीचा, दिग्दर्शक इसाओ ताकाहाता. टोक्योच्या पश्चिमेला तामा नावाच्या टेकड्या आहेत. साठच्या दशकात तिथे टेकड्या सपाट करून तामा न्यू टाउन नावाची अवाढव्य वसाहत उभारायला घेतली, १९७१ मध्ये पहिले लोक राहायला आले. ही खरी गोष्ट. चित्रपटात त्या टेकड्यांवरचे तनुकी (आपल्याकडे हा प्राणी नाही; कोल्हा आणि मुंगूस यांच्या मधलं काहीतरी डोळ्यासमोर आणा) जमीन वाचवायला लढतात. लोककथेप्रमाणे त्यांना रूप पालटता येतं. त्यांच्यात वाद होतात. काही म्हणतात थांबू, थोरामोठ्यांना बोलावू. काही म्हणतात आत्ताच्या आत्ता हाणा. ते भुताखेतांची भली मोठी मिरवणूक काढून माणसांना घाबरवायला जातात, तर एका करमणूक उद्यानाचा मालक म्हणतो, ही तर आमचीच जाहिरात! आणि शेवटी ते हरतात. ज्यांना रूप पालटता येतं ते माणूस होऊन, टाय घालून, लोकलने नोकरीवर जातात. ज्यांना येत नाही ते उरल्यासुरल्या झाडीत, कचऱ्यात पोट भरतात.

चित्रपट जपानी, खाली अक्षरं इंग्रजी. आमच्या गाडीचे ड्रायव्हर काका जेवून मागच्या खुर्चीवर येऊन बसले होते. त्यांना कळावं म्हणून मी हळू आवाजात मराठीत सांगत होतो. सुरुवातीला उपकार केल्यासारखं, कबूल करतो. पण तुम्ही कधी चालू सिनेमाचं मराठी करून बघा. ‘डेव्हलपमेंट’ला काय म्हणणार? मी म्हटलं, "काका, ते टेकडी फोडतायत." ‘रेसिडेंट्स’? "नवीन बिल्डिंगीतले लोक." म्हणजे आम्हीच की! इंग्रजीत वाचताना हे मला कधीही टोचलं नव्हतं. हा चित्रपट मी आधी दोनदा पाहिला होता. दोन्ही वेळा तो जपानबद्दल होता.

काका शेवटपर्यंत हलले नाहीत. तनुकींमधले काही जण जाऊन लढून मरतात, तेव्हा ते म्हणाले, "हे झालंय आमच्याकडं." मला वाटलं हिंजवडीच्या जमिनींबद्दल बोलतायत. तर नाही. "माझ्या पणज्याचं गाव ह्याच्याखाली हाय, सर." आणि खिडकीकडे बोट. बाहेर अंधार होता, पण तिथे पाणी आहे हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. दुपारी त्याच्यासमोर उभं राहून आम्ही अडीचशे फोटो काढले होते.

मॅनेजर साहेबांनी विचारलं, "म्हणजे? काय झालं होतं?" पुण्यात जन्म, पुण्यात शिक्षण. मुळशी सत्याग्रह हे शब्द त्यांनी शाळेत पाठ करून दोन मार्कांना लिहिले असणार. मीही लिहिले होते.

तर ते दोन मार्क पुन्हा एकदा. मुंबईला वीज पुरवायला टाटांनी मुळा आणि निळा नद्यांवर धरण बांधायला घेतलं. मावळ्यांची पन्नासच्या आसपास गावं त्याखाली जाणार होती. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट आणि विनायकराव भुस्कुटे पुढे होते. बापटांना ‘सेनापती’ म्हणू लागले ते इथूनच. माणसं मारहाण सोसत बांधकामावर जाऊन बसली, तुरुंगात गेली, बायकाही गेल्या. गंमत पाहा, राजेंद्र व्होरांनी या लढ्यावर पुस्तक लिहिलंय, जगातलं पहिलं धरणविरोधी आंदोलन म्हणून, त्यात दिसतं की ज्यांच्या नावावर जमिनी होत्या ते पुण्यातले सावकार भरपाई घ्यायला तयार होते. जे कसत होते ते नव्हते. पुढे नेत्यांमध्येही वाद झाले, किती सोसायचं आणि कधी हात उचलायचा यावर. शेवटी बापटांनी बांधकामाची रेल्वे अडवली आणि सात वर्षं आत गेले. लढा १९२४ मध्ये संपला. पाणी भरलं. ते आजही घाटाखाली भिऱ्याला जाऊन वीज बनवतं.

थांबू म्हणणारे, हाणा म्हणणारे, आणि हरल्यावर नोकरीला लागणारे. ताकाहाताने मुळशीचं नाव ऐकलं असेल असं समजायला काही कारण नाही. पण त्याने एक टेकडी नीट पाहिली होती, आणि टेकडी जाते तेव्हा जे होतं ते बहुधा सगळीकडे सारखंच होतं.

आता मुद्द्यावर येतो. ॲनिमे बघावं की नाही? बघावं. पण फॅन लोक जी कारणं देतात त्यांसाठी नव्हे. फाइट भारी असते, डोळ्यांत पाणी येतं, कथानक गुंतागुंतीचं असतं... हे सगळं चांगल्या कादंबरीतही मिळतं. माझं कारण वेगळं आहे.

‘पोम पोको’च्या शेवटाकडे, हरल्यावर, ते तनुकी उरलीसुरली शक्ती एकत्र करून एक शेवटचं रूपांतर करतात. कुणालाही घाबरवायला नाही. समोरच्या सिमेंटच्या वसाहतीच्या जागी काही क्षण जुनी टेकडी परत आणतात. शेतं, पायवाट, झाडं. बाल्कनीतले लोक बघतात आणि एखाद्याला त्यात ओळखीचं माणूस दिसतं. मग ते विरतं.

हे कॅमेऱ्याने कसं दाखवणार? कॅमेऱ्याला समोर काहीतरी असावं लागतं. जे बुडालं, जे सपाट झालं, ते कॅमेऱ्यापुढे आणताच येत नाही. सेट लावा, कॉम्प्युटरवर बनवा; पण कॉम्प्युटरवर बनवणं म्हणजे तरी काय, पुन्हा काढणंच की. चित्राला समोर काही लागत नाही. ते आठवणीवरून काढता येतं. मुळशीच्या पाण्याखालच्या गावांना आज शंभर वर्षांनी परत आणायचं असेल तर एकच रस्ता आहे : कुणीतरी बसून काढायचं. एकेक घर, एकेक बांध, म्हाताऱ्यांना विचारून विचारून. ज्याला तुम्ही ‘कार्टून’ म्हणता ना, ते नेमकं याच कामासाठी लागतं. आणि ते कामाला येतंसुद्धा. टोक्योजवळच्या सायामा टेकड्या वाचवायला लोकांनी ‘टोटोरो’च्या नावाने निधी उभा केला आणि १९९१ पासून जंगलाचे तुकडे चक्क विकत घेतले. एका ‘लहान मुलांच्या’ चित्रपटाच्या जोरावर!

"मग ‘मुळशी पॅटर्न’ कशाला हवा?" असं विचारेल आमचा पोरगा. अरे, तोच तर दुसरा अर्धा भाग आहे. प्रवीण तरडेंचा २०१८ चा चित्रपट. बापाने जमीन विकली, पैसा उडाला, आणि पोरगा हातात काहीच नाही म्हणून टोळीत गेला. त्यात टेकडी नाही, टेकडी गेल्यानंतरचा राग आहे. थोडा भडक आहे, शिट्ट्यांसाठी लिहिलेले संवाद आहेत, सगळं मान्य. पण ‘पोम पोको’ बघून रडणारा आणि ‘मुळशी पॅटर्न’ला गुंडांचं पिक्चर म्हणणारा माणूस लांबच्या टेकडीसाठी रडतोय आणि पायाखालच्या टेकडीवर फ्लॅट बुक करतोय. सोप्पंय ते. जपानी तनुकी आपल्याकडे जमिनीचा भाव मागायला येत नाहीत.

(इथे मी स्वतःला वगळत नाहीये. माझाही फ्लॅट माणच्या बाजूलाच आहे. बाल्कनीतून एक अर्धी कापलेली टेकडी दिसते. ‘हिल व्ह्यू’चे जास्तीचे पैसे मी दिलेत.)

आणि आपल्याकडे चित्र काढणारे नाहीत असंही नाही. फाळक्यांनी पडद्यावर आगकाड्या नाचवल्या तो काळ शंभर वर्षांपलीकडचा. पुण्याच्या ‘प्रभात’ने १९३४ साली ‘जंबूकाका’ नावाचा ॲनिमेशनपट केला. आज पुण्या-मुंबईतले कितीतरी ॲनिमेटर रात्री जागून परदेशी सिनेमांची कामं उपसतात. हात आहेत, सॉफ्टवेअर आहे, मुळशीसारखी गोष्ट आहे. नाहीये तो प्रेक्षक. ज्या समाजात ‘या वयात कार्टून?’ म्हटलं की हशा पिकतो तिथे मोठ्यांसाठी ॲनिमेशनपट काढायला पैसे कोण घालणार? २०२५ च्या सप्टेंबरात ‘डीमन स्लेयर’चा चित्रपट आपल्याकडे हिंदी, तमिळ, तेलुगूत आला. मराठीत नाही. कारण उघड आहे, आपण मागितलंच नाही. एक पार्टी म्हणणार हे मुलांचं, दुसरी म्हणणार मराठीत म्हणजे ‘क्रिंज’. दोघांचं मिळून उत्तर एकच : नको.

म्हणून म्हणतो, हा वाद आवडीनिवडीचा नाहीये. ‘तुला पुरणपोळी आवडते, मला नाही’ इतका साधा असता तर मी शनिवार घालवला नसता. एखादं माध्यम आख्खंच्या आख्खं बालवाडीत ढकललं की त्या माध्यमातच सांगता येतील अशा गोष्टी कायमच्या सांगायच्या राहतात. आणि एखादं माध्यम आख्खंच्या आख्खं परदेशी देव्हाऱ्यात बसवलं तरी तेच होतं. मुळशीची गावं दोन्हीकडून बुडालेलीच राहतात.

परत येताना मी पुढे काकांच्या शेजारी बसलो. विचारलं, गाव कसं होतं, काही ऐकलंय का? म्हणाले, आजीच्या तोंडून ऐकलंय. कुठे देऊळ होतं, कुठे आंबा, नदी कुठून ओलांडायची. घोटावड्यापर्यंत सांगत होते. मागे बाकीचे झोपले होते. मी घरी येऊन जमेल तसं कागदावर काढून ठेवलं. माझी चित्रकला म्हणजे सांगायला नको, देऊळ एटीएमसारखं दिसतंय. पण पुढच्या आठवड्यात तो कागद काकांना दाखवणार आहे, चुका विचारणार आहे.

मॅनेजर साहेबांना आणि ज्युनिअर पोरालाही एकेक काम दिलंय. साहेबांनी ‘पोम पोको’ पुन्हा बघायचा, झोप न काढता. पोराने ‘मुळशी पॅटर्न’ बघायचा, नाक न मुरडता. मग सोमवारी डब्यावर बसू आणि पुन्हा भांडू. निदान काय बघून भांडतोय ते तरी माहीत असेल.